रोजकीर्द, कुलूप आणि चकती

पुण्याच्या शुक्रवार पेठेंतील मंडईची अष्टकोनी मनोऱ्याची इमारत १८८६ सालीं लोकांसाठीं खुली झाली. त्यापूर्वी शहराचा भाजीबाजार शनिवारवाड्यापुढील पटांगणांत उघड्यावर भरत असे. नव्या इमारतीला त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचें नांव देण्यांत आलें होतें. पुढें हीच वास्तु महात्मा फुले मंडई या नांवानें सर्वतोमुखी झाली. उघड्या पटांगणांतील बाजार संध्याकाळीं उठतो. छपराखालचा बाजार संध्याकाळीं बंद होतो. उठणें आणि बंद होणें यांत फरक आहे. ज्या बाजाराला छप्पर, ठराविक गाळा आणि गल्ल्याची पेटी मिळते, त्याला कुलूपहि मिळतें. आणि कुलूप मिळालें, कीं तें लावण्याचा क्रमहि शिकावा लागतो.

हा क्रम व्यापारी पेशाच्या माणसाला कोणी मुद्दाम शिकवीत नाहीं. दिवसभराचीं कच्चीं टिपणें रोजकीर्दींत उतरतात, रोजकीर्दींतील नोंदी खतावणींत जातात, रोकड मोजली जाते, शिल्लक जुळते, वही मिटली जाते आणि मग किल्ली फिरते. हिशेब चालूं असतांनाच कोणी वही हिसकावून नेली, तर लिहिणाऱ्याची लेखणी हवेंत राहते. अर्धी रक्कम कागदावर आणि अर्धी त्याच्या डोक्यांत राहते. वही परत मिळाली तरी तिच्यांतील शेवटच्या ओळीवर कोणाचा विश्वास बसत नाहीं. आणि ती वही जर गुप्त लिपींत लिहिलेली असली व त्या लिपीचा उलगडा पहिल्याच पानावर असून नेमकें तेंच पान फाटलें असलें, तर शेवटच्या ओळीचाच नव्हे, सगळ्या वहीचाच प्रश्न उभा राहतो.

मंडईपासून हाकेच्या अंतरावर, बुधवार पेठेंत, विजेच्या व इलेक्ट्रॉनिक सामानासाठीं प्रसिद्ध असलेली तपकीर गल्ली आहे. ज्या वह्या एके काळीं लाल कापडांत बांधून कोनाड्यांत ठेवल्या जात, त्या आतां अंगठ्याएवढ्या पेन ड्राइव्हवर किंवा खिशांत मावणाऱ्या हार्ड डिस्कवर मावतात. दुकानाचा हिशेब, घराचीं कागदपत्रें, मुलांचीं छायाचित्रें, आजोबांच्या हस्ताक्षरांतील पत्रांच्या प्रती, हें सर्व एका चकतीवर येऊन बसलें आहे. ती चकती हरवली तर परक्याच्या हातीं पडूं नये म्हणून तिच्यावर गणिती कुलूप घालण्याची सोय झाली. त्याला एन्क्रिप्शन किंवा कूटलेखन म्हणतात. परंतु या कुलुपाबरोबर एक नवी तक्रारहि आली. कुलूपबंद चकती संगणकापासून अचानक वेगळी केली, कीं पडद्यावर चाललेला प्रोग्राम कोसळतो; कधीं सगळा संगणकच थिजतो; आणि क्वचित् प्रसंगीं चकती पुन्हां जोडली असतां योग्य परवलीचा शब्द देऊनहि ती उघडत नाहीं. हा केवळ आजच्या यंत्रांचा लहरीपणा नव्हे. त्याच्यामागें तीन वेगवेगळ्या इतिहासांचा संगम आहे: गुप्ततेचा, साठवणीचा आणि जोडणीचा.

गुप्ततेचा इतिहास महाराष्ट्राला परका नाहीं. हाताच्या बोटांनीं बोलण्याची करपल्लवी आणि डोळ्यांच्या खुणांची नेत्रपल्लवी या कला येथें प्राचीन काळापासून ठाऊक आहेत. गुरांच्या व धान्याच्या बाजारांत रुमालाखालीं एकमेकांचीं बोटें दाबून भाव ठरविण्याची रीत कित्येक पिढ्या चालली. भोंवतीं शंभर माणसें उभीं असलीं तरी सौदा दोघांतच राहत असे. याहून प्रसिद्ध उदाहरण १७६१ सालचें आहे. १४ जानेवारीस पानिपतावर मराठ्यांचा पराभव झाला. त्याची वार्ता उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना एका सावकारी पत्रांतून कळली, असें इतिहासकार सांगतात. त्या पत्रांत लढाईचा शब्दहि नव्हता. मोत्यें, मोहरा, रुपये आणि खुर्दा यांच्या नुकसानीची ती भाषा होती. दोन मोत्यें म्हणजे सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे मोठे सरदार, आणि मोजतां न येणारा खुर्दा म्हणजे सामान्य सैनिक, हें वाचणाऱ्याला सांगावें लागलें नाहीं.

या सर्व रीतींत एक गोष्ट समान होती. किल्ली माणसाच्या मनांत होती. पत्र कितीहि फाटलें, तरी उरलेल्या तुकड्यांतून जाणत्याला अर्थ लावतां येत असे. कारण माणूस संदर्भावरून वाचतो. यंत्राला हें साधत नाहीं. विसाव्या शतकांत गुप्तलेखन माणसाच्या मनांतून निघून संख्येच्या स्वाधीन झालें, तेव्हां त्याची शक्ति अनेक पटींनीं वाढली आणि त्याच वेळीं त्याची क्षमाशीलता संपली.

अमेरिकेंत १९७७ सालीं डीईएस ही कूटलेखनाची पद्धति सरकारी प्रमाण म्हणून स्वीकारण्यांत आली. तिची किल्ली ५६ बिटांची होती, म्हणजे सुमारें ७२ हजार लाख कोटी किल्ल्यांपैकीं एक. त्या काळीं ही संख्या अफाट वाटली. परंतु १९९८ सालीं इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेनें खास यंत्र बांधून अवघ्या ५६ तासांत एक किल्ली शोधून दाखविली. तोंपर्यंत नव्या प्रमाणाचा शोध सुरू झालाच होता. योआन डेमेन आणि व्हिन्सेंट राइमेन या दोन बेल्जियन तज्ज्ञांची पद्धति निवडली गेली आणि २६ नोव्हेंबर २००१ रोजीं ती एईएस या नांवानें प्रमाण ठरली. तिची किल्ली १२८, १९२ किंवा २५६ बिटांची असते आणि ती मजकूर १६ बाइटांच्या तुकड्यांनीं गुप्त करते. आजच्या बहुतेक कुलूपबंद चकत्या याच पद्धतीवर विसंबून आहेत. तिचा एक गुण येथें लक्षांत ठेवला पाहिजे. साध्या मजकुरांतील एक बिट बिघडला तर एखादें अक्षर चुकतें. परंतु गुप्त झालेल्या मजकुरांतील एक बिट बिघडला तर उलगडतांना तो १६ बाइटांचा सगळा तुकडा निरर्थक होतो.

दुसरा इतिहास साठवणीचा. आयबीएम कंपनीनें १९५६ सालीं रॅमॅक नांवाचें यंत्र आणलें, त्यांत पहिली व्यापारी चुंबकीय चकती होती. पन्नास मोठ्या तबकड्यांच्या त्या उतरंडीवर पन्नास लाख अक्षरें मावत. चकतीवर लिहिणें हें संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतींत लिहिण्यापेक्षां आरंभापासूनच मंद होतें. म्हणून यंत्र बांधणाऱ्यांनीं कारकुनाचीच युक्ति वापरली: प्रत्येक नोंदीसाठीं कपाटापर्यंत जाऊन खतावणी उघडावयाची नाहीं, आधीं जवळच्या पाटीवर टिपून ठेवावयाचें आणि सवडीनें एकदम उतरवावयाचें. यामुळें वेग आला, पण त्याबरोबर फसवणूकहि आली. वापरणाऱ्याला वाटतें कीं मजकूर लिहिला गेला. प्रत्यक्षांत तो अजून पाटीवरच असतो.

बेल प्रयोगशाळेंत १९६९ पासून आकाराला आलेल्या युनिक्स या प्रणालींत ही पाटी दर तीस सेकंदांनीं चकतीवर उतरविण्याची व्यवस्था होती. यंत्र बंद करण्यापूर्वी 'सिंक' ही आज्ञा देऊन पाटी रिकामी करून घेण्याची शिस्त तेथील लोकांच्या अंगीं इतकी बाणली, कीं कित्येक जण ती आज्ञा खात्रीसाठीं तीन वेळां देत. वीज मध्येंच गेली, तर यंत्र पुन्हां सुरू होतांना सगळी चकती पहिल्या पानापासून तपासावी लागे. चकत्या मोठ्या झाल्या तसा या तपासणीला वेळहि वाढत गेला.

यावर जो उपाय निघाला तो मंडईंतील कोणाहि हिशेबनिसाला ओळखीचा वाटेल. आधीं रोजकीर्द, मग खतावणी. काय करावयाचें आहे तें प्रथम एका छोट्या नोंदवहींत लिहावयाचें, मग प्रत्यक्ष बदल करावयाचा, आणि तो पुरा झाल्यावर नोंद खोडावयाची. मध्येंच खंड पडला, तर सगळी खतावणी तपासण्याचें कारण नाहीं. रोजकीर्दींतील शेवटच्या कांहीं ओळी पाहिल्या, कीं काम भागतें. आयबीएमनें १९९० सालीं आणि व्हेरिटास कंपनीनें १९९१ सालीं अशी रोजकीर्द ठेवणारी व्यवस्था बाजारांत आणली. याच व्हेरिटासचें एक मोठें संशोधनकेंद्र पुढें पुण्यांत चाललें. अचानक तुटलेला व्यवहार सांधावा कसा, या प्रश्नावर या शहरांतील शेंकडों अभियंत्यांनीं आपलीं वर्षें खर्च केलीं. मायक्रोसॉफ्टच्या एनटीएफएस पद्धतींत १९९३ पासून ही सोय आहे, आणि लिनक्सवर २००१ सालीं एक्स्ट थ्री या पद्धतीबरोबर ती सर्वत्र पसरली. परंतु पेन ड्राइव्हवर बहुधा जी फॅट किंवा एक्सफॅट पद्धति असते, तिला अशी रोजकीर्द नाहीं. जी चकती सर्वांत अधिक वेळां काढली आणि घातली जाते, तिच्याच अंगावर अपघाताचें चिलखत सर्वांत पातळ असतें.

तिसरा इतिहास जोडणीचा. १९९६ पूर्वीच्या संगणकांत हार्ड डिस्क जोडणें हें बहुधा यंत्र बंद करून, पेटी उघडून करावयाचें काम होतें. चालूं यंत्रांतून हार्ड डिस्क काढावी, हा विचारच सामान्य माणसाच्या मनांत येत नसे. १९९६ सालीं यूएसबीचें प्रमाण प्रसिद्ध झालें. तें घडविणाऱ्या इंटेलच्या गटांत मूळचे वडोदऱ्याचे अजय भट्ट हे प्रमुख होते. आतां चालूं यंत्रालाच वस्तू जोडतां आणि काढतां येऊं लागली. ही सोय आरंभीं किती नाजूक होती, तें २० एप्रिल १९९८ रोजीं शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनांत जगानें पाहिलें. बिल गेट्स व्यासपीठावर उभे असतांना त्यांच्या सहकाऱ्यानें विंडोज ९८ चालविणाऱ्या संगणकाला एक स्कॅनर जोडला, आणि पडद्यावर निळा रंग पसरून यंत्र बंद पडलें. दोन वर्षांनीं, २००० सालीं, ८ मेगाबाइटांचे पहिले पेन ड्राइव्ह विक्रीस आले आणि जोडणें व काढणें हा घराघरांतील खेळ झाला.

विंडोजनें यासाठीं सुरक्षितपणें काढण्याची एक छोटी खूण पडद्याच्या कोपऱ्यांत ठेवली. पुष्कळांनीं तिच्याकडे दुर्लक्ष केलें. कारण दहांपैकीं नऊ वेळां कांहींच बिघडत नसे. अखेर २०१८ सालच्या विंडोज १० च्या सुधारित आवृत्तींत मायक्रोसॉफ्टनें बाहेरच्या चकत्यांसाठीं पाटीवर लिहून ठेवण्याची पद्धति मूळ मांडणींतून काढली आणि चटकन काढतां येईल अशी मांडणी रूढ केली. लोकांनीं क्रम पाळला नाहीं, म्हणून यंत्रानें आपला वेग सोडला.

हे तीन प्रवाह ज्या ठिकाणीं एकत्र आले, तेथेंच आजची अडचण जन्माला आली. मॅट ब्लेझ या अमेरिकन संशोधकानें १९९३ सालीं युनिक्ससाठीं फाइली आपोआप गुप्त करणारी व्यवस्था दाखविली. दहा वर्षांनंतर हा विचार सामान्यांच्या यंत्रांत उतरला. ॲपलची फाइलव्हॉल्ट २००३ सालीं आली. २००४ सालीं ट्रूक्रिप्ट हा विनामूल्य प्रोग्राम निघाला आणि त्याच सुमारास लिनक्ससाठीं क्लेमेन्स फ्रूविर्थ यांनीं लक्स ही पद्धति तयार केली. मायक्रोसॉफ्टची बिटलॉकर २००७ सालीं विंडोज व्हिस्टाबरोबर लोकांच्या हातीं पडली आणि २००९ सालीं विंडोज ७ मध्यें ती पेन ड्राइव्हपर्यंत पोहोंचली.

या कुलूपबंद चकतीची रचना चार मजली वाड्यासारखी असते. तळमजल्यावर प्रत्यक्ष चकती. तिच्यावर कूटलेखनाचा मजला. तेथें किल्ली घेऊन बसलेला द्वारपाल खालून आलेला गुप्त मजकूर उलगडून वर देतो आणि वरून आलेला मजकूर गुप्त करून खालीं पाठवितो. तिसऱ्या मजल्यावर फाइलींची व्यवस्था, म्हणजे खतावणी. चौथ्या मजल्यावर माणूस वापरतो तो प्रोग्राम. वरच्या दोन मजल्यांना खालीं कुलूप आहे याची वार्ताहि नसते; हेंच या रचनेचें सौंदर्य आणि हीच तिची दुर्बलता.

आतां कोणी न सांगतां तार ओढली, तर तळमजला नाहींसा होतो. वरचे तीन मजले मात्र हवेंत उभे राहतात. द्वारपालाच्या हातांत किल्ली असते, पण दार नसतें. खतावणीच्या पाटीवर न उतरलेल्या नोंदी असतात. त्या ती खालीं पाठवूं पाहते आणि त्या परत येतात. विंडोज एक्सपीच्या काळीं लिखाण लांबणीवर पडून अयशस्वी झाल्याची जी सूचना पडद्यावर येत असे, ती याच प्रसंगाची होती. चौथ्या मजल्यावरील प्रोग्रामचें हाल सर्वांत अधिक. अनेक प्रोग्राम मोठी फाइल एकदम वाचीत नाहींत. ती आपल्याच स्मृतीचा भाग आहे असें समजून हवें तेव्हां हवें तें पान उघडतात. चकती गेल्यावर असें पान उघडूं गेलें, कीं तेथें कांहींच नसतें. यावर काय करावें हें त्या प्रोग्रामच्या कर्त्यानें आधीं लिहून ठेवलेलें नसलें, तर ऑपरेटिंग सिस्टिम त्या प्रोग्रामला तत्काळ बंद करते. यालाच लोक प्रोग्राम कोसळला असें म्हणतात. आणि चूक जर द्वारपालाकडून झाली, तर परिणाम अधिक गंभीर होतो. कारण तो यंत्राच्या गाभाऱ्यांत काम करतो आणि गाभाऱ्यांतील एका चुकीनें सगळेंच यंत्र थांबतें.

पुष्कळदां याहून विचित्र प्रकार घडतो. घाबरून चकती पुन्हां जोडली जाते. यंत्र तिला नवी वस्तू समजून नवें नांव देतें, आणि जुन्या नांवाचा हवेंतील मजला तसाच उभा असतो. मग परवलीचा शब्द बरोबर असूनहि चकती वापरांत असल्याचें उत्तर मिळतें. वापरणाऱ्याला वाटतें कीं कुलूप बिघडलें. वस्तुतः जुना व्यवहार मिटलेला नसतो, एवढेंच.

येथपर्यंतचें नुकसान हें गैरसोयीचें आहे. खरें संकट पुढें आहे. कुलूपबंद चकतीच्या आरंभीं एक लहानसा शीर्षभाग असतो. चकती ज्या मूळ किल्लीनें गुप्त केलेली असते, ती किल्ली परवलीच्या शब्दानें बांधून या शीर्षभागांत ठेवलेली असते. परवलीचा शब्द बदलतां येतो, याचें रहस्य हेंच. शब्द फक्त हा छोटा डबा उघडतो. परंतु हा डबा नष्ट झाला, तर शब्द ठाऊक असून उपयोग नाहीं. साधी चकती फुटली तर दुरुस्ती करणारा जाणकार तिच्या पृष्ठभागावरून छायाचित्रांचे व पत्रांचे तुकडे वेंचून देऊं शकतो. कुलूपबंद चकतीचा शीर्षभाग गेला, तर तोच पृष्ठभाग त्याला वाळूसारखा दिसतो. चोराला न वाचतां येणारें तें मालकालाहि वाचतां येत नाहीं. गणित दोघांत भेद करीत नाहीं.

हा शीर्षभाग बहुधा तार ओढल्यानें नष्ट होत नाहीं. तो त्यानंतरच्या घाईनें नष्ट होतो. विंडोजला विशिष्ट कुलूप ओळखतां आलें नाहीं, तर त्याला चकती कोरी भासते आणि ती वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी काय, असा प्रश्न तें विचारतें. प्रश्न इतक्या साळसूदपणें येतो, कीं त्रासलेला माणूस होकार देऊन बसतो. एका होकारानें वर्षांचा संग्रह जातो. म्हणून चकती रुसली असतां पहिला नियम असा, कीं फॉरमॅटच्या प्रश्नाला नकार द्यावा आणि तिच्यावर कांहींहि लिहूं नये.

त्यानंतरचें शोधकार्य वैद्याच्या परीक्षेसारखें, एका वेळीं एकच गोष्ट बदलून करावें लागतें. प्रथम तार आणि वीज पाहावी. सैल तार, एकाच जोडणींतून अनेक वस्तूंना दिलेली अपुरी वीज, आणि संगणक झोंपतांना यूएसबीची वीज तोडण्याची सवय, या तीन कारणांनीं चकती कोणी हात न लावतांहि सुटते; पुष्कळदां माणूस स्वतःला किंवा कुलुपाला दोष देतो आणि अपराधी असते ती तार. मग एखादी बिनकुलुपाची, मोलाचें कांहीं नसलेली चकती त्याच ठिकाणीं जोडून पाहावी. ती काढतांनाहि तोच प्रोग्राम कोसळत असेल, तर दोष कूटलेखनाचा नव्हे, त्या प्रोग्रामचा आहे. ती सुखरूप निघत असेल, तर कुलुपाच्या सॉफ्टवेअरची आवृत्ति पाहावी. ऑपरेटिंग सिस्टिम नवी आणि द्वारपाल जुना, अशी विसंगति वारंवार आढळते. ट्रूक्रिप्टचें उदाहरण बोलकें आहे. २८ मे २०१४ रोजीं त्याच्या कर्त्यांनीं तें अकस्मात् थांबविल्याचें जाहीर केलें. त्याच्याच पायावर मुनीर इद्रासी यांनीं २०१३ पासून उभारलेला व्हेराक्रिप्ट हा प्रोग्राम पुढें चालूं राहिला. ज्यांनीं जुनेंच कुलूप वापरणें सोडलें नाहीं, त्यांना पुढच्या यंत्रांवर त्याची दुरुस्ती करणारा कोणी उरला नाहीं.

चकती काढतांना ती वापरांत असल्याचें उत्तर येत असेल, तर तें उत्तर खोटें नसतें. छायाचित्रांच्या लहान प्रतिमा तयार करणारा विभाग, शोधासाठीं सूची करणारा विभाग किंवा विषाणूंचा शोध घेणारा पहारेकरी यांपैकीं कोणीतरी एखादी फाइल धरून बसलेला असतो. लिनक्सवर 'एलएसओएफ' ही आज्ञा आणि विंडोजवर रिसोर्स मॉनिटर हें साधन त्या धरणाऱ्याचें नांव सांगतें. जबरदस्ती करण्यापेक्षां त्याला फाइल सोडावयास लावणें हा मार्ग धीमा असला तरी निर्धोक आहे. शेवटीं खतावणीची तपासणी करावयाची ती कुलूप उघडल्यानंतर, आंतल्या व्यवस्थेवर. कुलूपबंद पृष्ठभागावर दुरुस्तीचा प्रोग्राम चालविणें म्हणजे मोडींतील दस्तऐवज बाळबोध समजून त्यावर शाई फिरविण्यासारखें आहे. आणि चकतीवरील मजकूर मोलाचा असेल, तर कोणत्याहि दुरुस्तीपूर्वी तिची बाइटगणिक प्रत दुसऱ्या चकतीवर उतरवून घ्यावी व प्रयोग त्या प्रतीवर करावे.

एवढा त्रास असतां कुलूपच नको, असें कोणाला वाटलें तर तेंहि इतिहासाला धरून होणार नाहीं. पेन ड्राइव्ह ही वस्तू रिक्षांत, गाडींत, कपड्यांच्या खिशांत हरवण्यासाठींच जणूं जन्माला आली आहे. तिच्यावर दुकानाच्या गिऱ्हाइकांचीं नांवें आणि रकमा असल्या, तर तो प्रश्न दुकानदाराचा एकट्याचा राहत नाहीं. भारतीय संसदेनें २०२३ सालीं केलेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानें दुसऱ्यांची माहिती बाळगणाऱ्यावर ती वाजवी दक्षतेनें सांभाळण्याची जबाबदारी टाकली आहे, आणि त्यांत कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपयांपर्यंत ठेवली आहे.

शिवाय, तार ओढून काढल्यानें चकती अधिक सुरक्षित होते हाहि भ्रम आहे. २००८ सालीं अमेरिकेंतील प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनीं असें दाखवून दिलें, कीं वीज बंद केल्यावरहि संगणकाच्या स्मृतींतील मजकूर कांहीं सेकंद ते कांहीं मिनिटें टिकतो, आणि त्यांतून कूटलेखनाची किल्ली उचलतां येते. तार ओढली तर चकती जाते, पण द्वारपालाच्या हातांतील किल्ली यंत्रांतच राहूं शकते. रीतसर बंद केली, तर द्वारपाल आधीं किल्ली पुसून टाकतो. म्हणजे जो क्रम मजकूर वांचवितो, तोच क्रम गुप्तताहि वांचवितो. एकीसाठीं दुसरीचा बळी द्यावा लागत नाहीं.

तो क्रम फार मोठा नाहीं. चकतीवरील फाइली वापरणारे प्रोग्राम बंद करणें, कुलुपाच्या सॉफ्टवेअरमधून चकती मिटणें, मग यंत्राकडून तिला निरोप देवविणें, आणि तिच्यावरचा दिवा शांत झाल्यावर तार काढणें, एवढाच तो आहे. याला पूर्वतयारीच्या तीन गोष्टींची जोड हवी. पहिली, शीर्षभागाची वेगळी प्रत. व्हेराक्रिप्ट तिची एक प्रत चकतीच्या शेवटीं स्वतःच ठेवतें, परंतु चकतीच गेली तर तीहि जाते, म्हणून एक प्रत बाहेर असावी. दुसरी, बिटलॉकरची ४८ अंकांची पुनर्प्राप्तीची किल्ली कागदावर लिहून, चकतीपासून दूर, घरांतील विश्वासू माणसाला ठाऊक असेल अशा ठिकाणीं ठेवावी. तिसरी, मूळ मजकुराची दुसरी कुलूपबंद प्रत दुसऱ्या चकतीवर असावी आणि ती वर्षांतून एकदोनदां उघडून पाहावी; न उघडलेली प्रत ही केवळ आशा असते.

पानिपतच्या पत्राची किल्ली अनेकांच्या मनांत होती, म्हणून तें पत्र आजहि वाचतां येतें. कुलूपबंद चकतीची किल्ली एकाच माणसाच्या डोक्यांत राहिली, तर त्या माणसाबरोबर घराचें दप्तरहि मुकें होतें. कर्ता पुरुष किंवा गृहिणी अकस्मात् गेल्यावर विम्याचे, मिळकतीचे आणि देण्याघेण्याचे कागद डोळ्यांपुढील चकतीवर असूनहि हातीं लागत नाहींत, आणि दुःखाच्या दिवसांत घरच्यांना दारोदार हिंडावें लागतें. पूर्वीच्या वाड्यांत तिजोरीची एक किल्ली मालकाच्या जानव्याला किंवा मालकिणीच्या कमरेला असे, आणि दुसरी कोठें आहे हें घरांतील आणखी एका माणसाला सांगून ठेवलेलें असे. त्या दुसऱ्या किल्लीची जागा आज त्या ४८ अंकांच्या कागदानें घ्यावयाची आहे. चकती मिटून कपाटांत ठेवण्यापूर्वी तो कागद कोठें आहे, हें घरांतील दुसऱ्या एका माणसाला सांगितलेलें असावें.